चाळून घेतलेली डीव्हीडी

माझ्या धाकट्या दिरांनी हाती घेतलेलं एकही काम आजवर धड झालेलं नाही, आणि तरी अख्खं घर प्रत्येक काम त्यांच्याकडेच घेऊन जातं. रिसोडला त्यांची धान्याची अडत आहे. दिवसभर सोयाबीन नि तूर, आणि उरलेला वेळ घरातल्या लग्नांच्या डीव्हीड्या. सगळं जग मोबाईलवर गेलं. हे अजून कॉम्प्युटरपुढं बसून डीव्हीडीच्या पहिल्या पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पाडतात. एका साखरपुड्याला त्यांनी इतक्या पाकळ्या पाडल्या, की डिस्क हातात येईतो त्या जोडप्याचं पोरगं बालवाडीत जाऊ लागलं होतं.

मी वाशीमला राहते आणि डब्याला चिठ्ठी लावल्याशिवाय तो फडताळात ठेवत नाही. त्यामुळे मी त्यांना सांगून सांगून थकले, की भाऊजी, काम झालं की आधी डिस्कची इमेज करा. म्हणजे सगळं मिळून एकच बंद फाईल. तीच जपा, तीच राईट करा, आत हात घालू नका. पण त्यांना पाहिजे फोल्डर. "वयनी, शिवलेलं पोतं मी न पाह्यता घेत नाय. आत माती असन तं?" फोल्डर म्हणजे उघडं पोतं, येता-जाता हात घालायला मोकळं. एकदा त्यांनी लग्नाच्या फोल्डरात नव्या गोऱ्ह्याचे फोटो सारले. ती डिस्क टीव्हीवर लागेना, तर म्हणाले, "तुमचा प्लेयरच लाडावला हाये."

इथवर हसण्यावारी नेलं. पण मग मेडशीहून सासूबाईंनी नणंदेच्या लग्नाची डीव्हीडी मागितली. पाठवणीच्या वेळी मामंजी गाडीपाशी जाऊन लेकीशी बोलले होते. ते गेले, आणि त्यांचा आवाज उरला तो तेवढाच. लग्नाच्या मूळ कॅसेटला बुरशी धरली होती. भाऊजींनी ती कशीबशी कॉम्प्युटरवर उतरवली, डीव्हीडीचं फोल्डर केलं आणि कॅसेट फेकून दिली. मी फोनवर अक्षरशः हात जोडले, "एवढी एकदा तरी इमेज करा." "करतो ना वयनी, जरा साफसूफ तं करू द्या!"

साफसूफ करून राईट केलेली डिस्क मेडशीच्या प्लेयरनं घेतलीच नाही. मी बस धरून रिसोड गाठलं. फोल्डरात एका मापाच्या मोठमोठ्या फायलीच तेवढ्या उरल्या होत्या. "बारक्या कुठे गेल्या?"

"झाडणीचा माल होता, चाळून टाकला. साऱ्या कशा एका मापाच्या दिसून राह्यल्या, पाहा!"

कुठे काय आहे ते प्लेयरला सांगणाऱ्या फायली बारक्याच असतात. त्या पुन्हा बनवता आल्या असत्या. पण डीव्हीडीत चित्रीकरणाचे सारख्या मापाचे तुकडे पडतात आणि शेवटी उरेल तेवढा बारका; लग्न तिथे संपत होतं. पाठवणी त्यात होती. कॉम्प्युटरवरची कचरापेटीसुद्धा त्यांनी नेमानं रिकामी केली होती. मी हे सांगितलं तेव्हा भाऊजी माऊस उलटा करून सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले.

उरलेलं मी जोडलं, इमेज केली, तिच्यावरून डिस्क राईट केली, आणि मी नि भाऊजी मेडशीला गेलो. डिस्क सुरळीत चालली. हळद, अक्षता, पंगती. शेवटी मामंजी फेटा सावरत गाडीकडे निघाले आणि पडदा काळा झाला.

"अन् पुढं?" सासूबाई म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी कॅमेरा भाऊजींच्याच खांद्यावर होता. दाराशी उभे होते तिथूनच ते म्हणाले, "'बाई, रडू नको. मी हाय ना अजून.'"

"असं नाय," सासूबाई पडद्याकडेच पाहत म्हणाल्या. "त्याईचा आवाज फाटला होता."

भाऊजींनी पुन्हा म्हणून पाहिलं. या वेळी त्यांचाही फाटला.

"हां," सासूबाई म्हणाल्या.

आता मेडशीला ती डिस्क लावायची, तर आधी रिसोडला फोन करावा लागतो.