धुकं आणि कोरडी जाळी

करावे गावावरून खाडीकडे सरकत गेलेला तो पांढरा ढग मी स्वतः पाहिलेला नाही. तरी आजही तो डोळ्यांपुढून हलत नाही.

हिवाळ्याची सकाळ. पोलीस ठाण्यात आमची हजेरी चालू होती. मासे सुकवणारी एक मावशी पदरात मूठभर जवळा बांधून आली. वाळला का हे बघायला तिच्या नवऱ्याने रोजच्यासारखा चिमूटभर चघळला आणि उलट्या करत तो आडवा झाला. हॉस्पिटलात डॉक्टर एकच विचारत होते, पोटात गेलेलं विषारी औषध कोणतं? नाव कळल्याशिवाय नेमका उपचार होणार नव्हता.

"सायेब, पहाटं ढग खाली आला. घूं-घूं करीत माज्या वालवनावरनं गेला."

डायरीत नोंद केली, घूं-घूं करणारं काही दिसलं का म्हणून खाडीकडच्या सोसायट्यांत विचारलं आणि मावशीला घेऊन निघालो, तोच एका वॉचमनचा फोन आला. "साहेब, भाजीच्या मळ्यापाशी टेम्पो उभाय. फवारणीचा ड्रोन धुतायत."

ड्रोनवाला इस्त्रीच्या शर्टातला तरुण. टाकी लख्ख.

"सर, मी आज उडवलंच नाही. धुकं होतं. आजींना तेच दिसलं असेल."

मावशी उसळली. "आजी कोनाला बोलतंस रं? धुका पडला तं जाली वली व्हतात. चल, घाल हात!"

मळ्याला लागूनच खाडीच्या काठावर जाळ्यांचा ढीग होता. मी कोपरापर्यंत हात घातला. आतपर्यंत कोरडं. मग त्याचा हात धरून आत घातला. त्याने कोरडा हात बाहेर काढून पाहिला.

"इथली परवानगी नव्हती, सर. लायसन्स जाईल माझं."

"त्याचं नंतर बघू. हिचा म्हातारा हॉस्पिटलात आहे, तो जगला पाहिजे. औषधाचं नाव सांग."

त्याने टेम्पोच्या सीटखालून औषधाची रिकामी बाटली काढली. लेबलावरचं अक्षर न् अक्षर मी डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवलं. पंचनामा, जबाब, गुन्हा हे सगळं त्यानंतर. पदरातला जवळा सीलबंद केला. वाळवणावरचा उरलेला मावशीने स्वतः खड्ड्यात पुरला.

म्हातारा वाचला. वॉर्डात मला म्हणाला, "वालला व्हता पन झ्याक, सायेब."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. पण त्या सकाळी ड्रोनवाल्याचं नीटनेटकं बोलणं मला जवळजवळ पटलं होतं, हेही लपवत नाही. नीट बोलणाऱ्यावर आपला विश्वास फार लवकर बसतो.

आता निवृत्त आहे. धुक्याच्या सकाळी कधी तिकडे फिरायला जातो. खाडी दिसत नाही, गाव दिसत नाही, आपलेच पाय दिसत नाहीत. चाचपडत जाळ्यांच्या ढिगात हात घालतो. ओलं लागलं की मगच पुढे चालतो.