साधूच्या तोंडी घातलेलं बोलणं

शाळेतून निवृत्त झाल्यावर पेडण्यातल्या आमच्या गावच्या देवळात मी चातुर्मासात दर सोमवारी प्रवचन करू लागलो. ग्रंथातलं काही घेतलं की ग्रंथाचं नाव सांगायचं, हा माझा शिरस्ता. दुसऱ्याचं आपलं म्हणून खपवू नये, हे मुलांना जन्मभर शिकवलं होतं.

पण लोकांच्या लक्षात राहायचे ते दृष्टान्त ग्रंथातले नव्हतेच. ते माझ्या बायकोचे होते. एकदा नारळ खवताना ती सहज म्हणाली, करवंटीपर्यंत जायचं नाही, काळं येतं. माणसाला विचारतानाही तेवढं खरवडू नये. त्या सोमवारी मी देवळात सांगितलं, "एक साधू होता. तो शिष्यांना म्हणाला..." घरच्या बाईचं बोलणं देवळात सांगायला मला संकोच वाटला होता.

प्रवचन ऐकून घरी आल्यावर ती म्हणाली, "तुमचो साधू मठात बसान नारळ खवता काय हो? मगे माशाचा हुमणय तोच करता आसतलो!"

मीही हसलो. साधू मात्र तसाच राहिला, वर्षानुवर्षं.

गेल्या वैशाखात ती गेली. चातुर्मास लागला तेव्हा गावकऱ्यांनी आग्रह केला, म्हणून पहिल्या सोमवारी गेलो. प्रवचनांची जुनी वही नेली होती. पानापानावर तिची वाक्यं, आणि प्रत्येकाआधी माझ्या अक्षरात 'साधू'. "एक साधू होता" असं म्हटलं आणि पुढे जाववेना. समोर सगळे थांबले होते.

"साधू कोणी नव्हता," मी म्हणालो. "हे सगळं माझी बायको म्हणायची."

मी वही मिटली. आरती लवकर उरकली.

चटया गुंडाळायला आलेली शेजारची म्हातारी माझ्यापाशी थांबली. ती नेहमी बायकोच्या बाजूला बसायची.

"मास्तर, आमका म्हायत होता," ती म्हणाली. "ती खांबाकडे बसान म्हणायची, आज माझा खंयचा बोलणा येता बघूया. मगे आमीय वाट बघायचों."

"तिका वायट वाटायचा?"

"वायट कसला! हसायची." तिनं चटई काखेत घेतली. "एकदा मात्र म्हणाली, माझा नाव नको. 'आमच्या घरात म्हणतत', इतक्या म्हटला तरी पुरे."

एवढे तीन शब्द. त्यांनी माझी कुठली पत गेली असती, हे मला अजून समजलेलं नाही. साधू सांगताना मी कितीदा त्या खांबाकडे पाहिलं असेल. ती मान हलवायची, आणि मला वाटायचं, प्रवचन रंगतंय.

त्यानंतर मी देवळात बोललो नाही. लोक विचारतात तेव्हा घसा बसल्याचं सांगतो. ग्रंथ फळीवर आहेत, वाचतोही. दुपारी स्वयंपाकघरात एकटा जेवतो, आणि तिथं कोणी काही म्हणत नाही.