आडवी साखळी

आयुष्यभर जमिनी मोजल्या आणि निवृत्तीनंतर वाकलेल्या अवकाशाचं गणित शिकायला बसलो. ओतूरच्या घरी, ओटीवर, वही-पेन्सिल घेऊन. पहिले काही महिने सूत्रांतल्या अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी बसलेली चिमुकली अक्षरं ओळखण्यातच गेले. "एवढा अभ्यास कॉलेजात केला असता, तर उन्हातान्हात साखळ्या ओढाव्या लागल्या नसत्या," बायको म्हणाली. खरंच होतं ते.

मग एका सकाळी मेट्रिक कळलं. नकाशावरचं एक पाऊल प्रत्यक्ष पृष्ठभागावर किती लांब भरतं, हे जागोजागी बदलतं; ते सांगणारं कोष्टक म्हणजे मेट्रिक. सगळा सिद्धांत तिथूनच उभा राहतो. आनंदाने बायकोला हाक मारणार, तेवढ्यात आंबेगावच्या डोंगरातली एक बाई आठवली आणि तोंड कडू झालं.

उतारावर मोजताना आम्ही साखळी जमिनीला टेकवत नसू. ती आडवी, ताठ धरायची आणि टोकाला वजन बांधलेला दोरा, म्हणजे ओळंबा, खाली सोडायचा. सरकारी कागदाला सपाट क्षेत्रच लागतं. त्या बाईचं वरईचं शेत चढावर होतं. ती म्हणाली, "सायेब, तुमी हवा मोजताय. मी कुदळ मारते ती जमीन कुठंय?" जमलेले लोक हसले. मला राग आला. "अडाणी आहेस, गप्प बस," मी चारचौघांत म्हणालो. तिने मान खाली घालून अंगठा दिला.

नियमाने मी बरोबरच होतो. पण सबंध नोकरीत जे मला सुचलं नाही, ते तिने कुदळ मारता मारता विचारलं होतं. ती हयात असेल तर तिची माफी मागायची होती. दुसऱ्याच दिवशी टेप पिशवीत टाकला आणि एसटीत बसलो.

ती अंगणात वरई पाखडत होती. पार वाकली होती. मी कोण ते सांगितलं. "बाई, तुमचं खरं होतं. अडाणी मीच," मी म्हणालो. तिने सूप खाली ठेवलं. काठी घेऊन उठली आणि शेताकडे चालू लागली.

टेपचं एक टोक तिने खाली बसून धरलं. मी टेप जमिनीला चिकटवत, खळग्यातून, उंचवट्यावरून वर नेला. तिच्याकडच्या जुन्या नकाशापेक्षा चांगले सोळा फूट जास्त भरले.

"कागदावर न्हाई चढायचं ना?"

"नाही."

"ऱ्हाऊ द्या."

उतरताना तिने घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली, "चहा ठिव गं. सायेब आज जमीन मोजाया आल्यात."