पाडव्याला मशीनचा चारा

पाऊस सरला, गवत वाळलं की लोकांच्या घरात दिवाळी येते, माझ्या घरात भीती येते. मामांची गवत कापायची मशीन तेव्हा घरात येते ना! मामा म्हंजे माझे सासरे, केरबा. पडेगावात आमची एकच खोली. तिच्यातच गॅस, तिच्यातच देव, अन् मधोमध माझ्या तान्ह्या संस्कृतीचा झोका. बाहेर मशीन ठेवावी तर चोर टपलेलेच. म्हणून ती झोक्याशेजारी खिळ्याला टांगायची. पेट्रोलवर चालणारी चीज! माझा जीव थाऱ्यावर राहील कसा?

मामा जन्माचे मेंढपाळ. माळावर प्लॉट पडले, चराई बंद झाली, तशी मेंढरं विकली अन् ही मशीन घेतली. आता चिकलठाण्याच्या कंपन्यांतलं, पुंडलिकनगरच्या बंगल्यांतलं गवत कापतात. "पयले मेंढरं खायची, आता ही खाते," म्हणून स्वतःच हसतात. पर माणूस लई भित्रा! घरात आणायच्या आधी टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये ओततात, मग मशीन चालू करून सोडतात, आपोआप बंद पडेस्तोवर. आत राहिलं तर चिकट होतं, जूनमध्ये दोरी ओढून खांदा उतरला तरी मशीन हूं म्हणत नाय. आगीचं भ्या ते वेगळंच. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडतात, पातं फडक्यानं पुसतात. शेवटी टाकीचं झाकण उघडून मला दाखवतात, "बघ प्रांजली, कोरडी हाय." तेव्हा कुठं मी पोरीला झोक्यात टाकते.

आमच्यात दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं ओवाळायची रीत. मेंढरं गेली, तर आत्या, म्हंजे सासूबाई बानाबाई, मशीन ओवाळतात. दरसाल हे अंगणात व्हायचं, मशीन रिकामी करायच्या आधी. यंदा मामांना घाई झाली. सकाळीच सगळं उरकून मशीन खिळ्यावर टांगली, कॅन दाराबाहेर ठेवला अन् अंघोळीला गेले. माझा नवरा रामेश्वर कामावर. मी अंगणात नळावर भांडी घासत होते.

वास आला. मान वर करून बघते तर कॅन जाग्यावर नाय!

आत पळाले. टांगलेल्या मशीनच्या टाकीचं झाकण उघडं, खाली फरशी ओली, झोक्यापर्यंत ओघळ गेलेला. अन् आत्या देवापाशी ताटातला दिवा पेटवून तिकडंच निघालेल्या.

"आत्या, थांबा! दिवा!"

"अगं, वरडती कशाला? उपाशी जनावराला कुणी ओवाळतं व्हय? आधी पोटाला घातलं तिच्या."

  तेवढ्यात मामा ओल्या अंगानं, पंचा गुंडाळलेले, मला ढकलून आत घुसले अन् उघड्या तळव्यानं दिवा दाबला.

"अवो! पाडव्याचा दिवा इझवला!" आत्यांचं तोंड उतरलं.

"बाने, ते पेट्रोल हाय," मामा वरडले. "भडका उडाला असता. पोर हाय ना तिथं!"

त्यांनी संस्कृतीला उचलून माझ्या हातात कोंबलं अन् मला अन् आत्यांना अंगणात काढलं. मशीन बाहेर नेली, परत रिकामी केली. फरशीवर माती पसरली. आत्या नळापाशी बसून नुसत्या बघत होत्या. ओवाळणी राहिली म्हणून तोंड एवढंसं झालेलं. मामांना ते बघवंना. रस्त्याकडंनं त्यांनी मूठभर हिरवं गवत उपटून आणलं, मशीनपुढं ठेवलं.

"हिचा चारा ह्यो. आता उपाशी नाय ती. लांबूनच ओवाळ."

आत्यांनी काडी ओढली. जाळ बघितला अन् फुंकून टाकली. दुसरी ओढलीच नाय. उठून माझ्याकडं आल्या, पोरीला घेतलं अन् तिचं डोकं हुंगलं. मग हात हुंगले. मग पुन्हा डोकं.

"वास येतोय का गं हिला? माझ्या नाकातच बसलाय, मला काय कळंना."

"नाय येत, आत्या," मी म्हणाले.

झबल्याला येत होता.