पुंगळी हुंगणारे उस्मान मिस्त्री

अडकलेली रायफल समोर आणून ठेवली तरी उस्मान मिस्त्री तिच्याकडे बघायचे नाहीत. "पुंगळी कुठाय?" म्हणून हात पुढे करायचे. झाडलेल्या काडतुसाची ती रिकामी पितळी नळी उजेडात फिरवायची, नखानं खरवडायची आणि चक्क नाकाला लावायची. नवा शिपाई असला तर खुदकन हसायचा. मिस्त्रींना त्याचं काही नसे. "बंदूक मुकी हाय बाबा. जे काय सांगायचं ते ही सांगती," म्हणायचे.

नगरच्या लष्करी वर्कशॉपात ते हत्यारं दुरुस्त करायचे आणि मी सुतार, रायफलींचे लाकडी दस्ते बसवायचो. लढाईचे दिवस, कामाला अंत नव्हता. मी केडगावाहून सायकल हाणत घामाघूम होऊन पोचावं, तर हे आधीच हजर, आणि मी केलेला दस्ता हातात घेऊन म्हणणार, "लई सुबक! बायकोला दे, धुनं बडवायला हुईल." असा राग यायचा! पण थोड्या वेळानं स्वतःच तंबाखू मळून माझ्यापुढे धरायचे. मग रागवायचं तरी कसं?

एकदा एकाची रायफल अडकली, तर पुंगळी हुंगून त्यांनी त्या शिपायाच्या कमरेला खोचलेल्या फडक्याकडे बघितलं. "जुन्या धोतराच्या चिंधीनं साफ केलीस न्हवं? सूत आत राहिलंय." पोरगा पांढराफटक पडला. सूत खरंच निघालं.

पुढे आमच्याकडे थोड्या अमेरिकन रायफली आल्या. आपल्या जुन्या रायफलीचा खटका, म्हणजे बोल्ट, दर गोळीला हातानं मागे ओढावा लागे. हिचं तसं नव्हतं. गोळी सुटली की तिच्याच धुराच्या दाबानं खटका मागे जायचा, पुंगळी बाहेर फेकायचा आणि येताना पुढचं काडतूस आत घ्यायचा. मिस्त्री तिच्यावर खूश होते, पण म्हणायचे, "हिचं पोट साफ पायजे. न्हाईतर ढेकर येत न्हाई हिला."

चाचणीच्या दिवशी पाथर्डीकडच्या धोंडीराम नावाच्या शिपायाची रायफल साहेबासमोर अडकली. पुंगळी अर्धी आत, अर्धी बाहेर. ओढून काढली, पुढच्या गोळीला पुन्हा तेच. त्याची तुकडी ब्रह्मदेशात निघायची होती. हवालदार ओरडला, "जायला नको म्हणून मुद्दाम बिघडवली यानं!" झालं. धोंडीरामला कोठडीत टाकलं आणि रायफल आमच्याकडे आली. मिस्त्री काय सांगतात त्यावर त्याचं कोर्ट मार्शल ठरणार होतं.

मिस्त्रींनी आधी काडतुसं बदलली. अडकली. मग काडतुसांची क्लिप बदलली. अडकली. मी म्हणालो, "सगळंच एकदम बदला की!" तर माझ्यावरच उखडले, "एका येळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या अन् बंदूक बरी झाली, तर शाबासकी कुनाला द्यायची?" मग पुंगळी नाकाला लावली आणि तशीच माझ्या नाकाखाली धरली. मला तर आमच्या घरातल्या फोडणीचाच वास आला.

"करडई!" मी म्हणालो.

"करडईच," म्हणाले, आणि मटकन स्टुलावर बसले.

कोठडीच्या गजाआडून धोंडीरामनं सगळं सांगून टाकलं. "आईनं बाटली दिल्ती, चाचा. नांगराच्या फाळाला लावतो आमी, पावसाळाभर गंजत न्हाई. म्हनलं, सरकारी तेल पातळ हाय, हे बरं." बिचारा! करडईचं तेल फाळावर सुकतं म्हणून तर फाळ गंजत नाही. तेच रायफलीच्या पोटात सुकलं, बंदुकीच्या धगीनं चिकट झालं आणि पुंगळी धरून बसलं.

पण सरकारी तेलाशिवाय दुसरं काही घालणं हाच मुळात गुन्हा. मी मिस्त्रींना म्हणालो, "परदेशी मालच खराब आहे म्हणून सांगा. पोरगं सुटेल, कुणाचं काय जातंय?"

"अन् उद्या दुसऱ्यानं तेच तेल घातलं, अन् समोर दुश्मन असला तर?" त्यांचा आवाज चढला. "खोटं बोलून एकाला सोडवू अन् धाजनांना मारू?"

मिस्त्री साहेबापुढे उभे राहिले. त्यांनी तेलाचं सगळं खरं सांगितलं. हवालदार तर हसलाच. मग मिस्त्रींनी रायफल साहेबाच्या हातात दिली. दस्ता, पट्ट्याची कडी, बारीकसारीक खिळा, सगळं धोंडीरामनं चकचकीत पुसलेलं होतं. म्हणाले, "साब, बिगाडनेवाला मिट्टी डालता. इसने माँ का दिया हुआ तेल डाला."

साहेबानं रायफल उलटीपालटी करून बघितली. रॉकेलनं धुऊन पुन्हा झाडायला लावली. सगळ्या पुंगळ्या टणाटण उडाल्या. धोंडीराम नुसत्या ताकिदीवर सुटला आणि आपल्या तुकडीबरोबर ब्रह्मदेशात गेला.

आम्हांला आनंद झाला, मिस्त्रींना मात्र घोर लागला. जखमी शिपायांची गाडी आली की स्टेशनावर जाऊन विचारायचे, "पाथर्डीचा धोंडीराम भेटला का कुटं?" मी समजावलं, तर म्हणाले, "त्याला गाडीत मीच बसवलं न्हवं?"

लढाई संपल्यावर एका दुपारी धोंडीराम वर्कशॉपच्या दारात उभा राहिला. सदऱ्याची डावी बाही रिकामी, खिशात खोचलेली. मिस्त्री उठून त्याच्याजवळ गेले. म्हणाले, "मी गप बसलो असतो तर तू कोठडीत असतास, लेकरा. पर हात असता."

"व्हय चाचा, असता," धोंडीराम म्हणाला. खोटा धीर देणं त्याला जमलं नाही. "लई रडलो बी. पर आई पानवठ्यावर जाती ना, तिला कुनी म्हनत न्हाई का तुजं पोरगं भिऊन मागं राहिलं. तेवढं तुमी राखलं."

जेवणाची सुट्टी झाली होती. मिस्त्रींनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं आणि डबा उघडला. भाकरीचे बारीक बारीक तुकडे केले, कालवणात कालवले आणि डबा त्याच्यापुढे सरकवला.

"मला येतंय की मोडता, चाचा."

"ठाव हाय," मिस्त्री म्हणाले. "गप जेव."