बादशहाचा तह आणि आमचा जिना

तेराव्या शतकातला एक माणूस अजून हयात आहे. तो कोथरूडला राहतो, बिनसाखरेचा चहा पितो आणि दुर्दैवाने मी त्याचा जावई आहे. दुर्दैव त्यांचं. बाकीच्यांचे सासरे इथे जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला लेकीकडे आले की कोथिंबिरीच्या युरोंचे रुपये करून हळहळतात. आमचे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा विमानतळावरून घरी येताना ट्रेनमध्ये ताडकन उठून उभे राहिले. बाहेर शेतावर एक पक्षी घिरट्या घालत होता. "ससाणा! बादशहाचा!" अर्धा डबा वळून बघायला लागला. "बाबा, साधी घार असेल हो," मी म्हणालो. "असेल. पण तिची खापरपणजी बादशहाच्या मनगटावर बसली नसेल कशावरून?"

बादशहा म्हणजे दुसरा फ्रेडरिक. जर्मनांचा सम्राट, ससाण्यांचं वेड असलेला. धर्मयुद्धाला निघायला त्याला उशीर झाला, मग निघाला तर आजारी पडून परत आला, म्हणून पोपने त्याला वाळीत टाकलं. तो तसाच, वाळीत टाकलेला, पुन्हा निघाला आणि एकही लढाई न करता, सुलतानाशी नुसती बोलणी करून त्याने जेरुसलेम मिळवलं. दहा वर्षांच्या तहावर. हे ऐकून पोप आणखीच भडकला. या गृहस्थावर सासऱ्यांचा जीव का जडला, ते मला बायकोने सांगितलं. कोथरूडच्या सोसायटीत लिफ्टला विरोध केल्यापासून बाबाही वाळीत आहेत. तळमजल्यावरचे जोशीसुद्धा त्यांच्याशी बोलत नाहीत.

तेव्हापासून जगातल्या प्रत्येक गोष्टीला ते बादशहाची फूटपट्टी लावतात. ट्रेन चाळीस मिनिटं उशिरा आली आणि मी फलाटावर चडफडायला लागलो, तर म्हणाले, "उशीर झालेल्याला वाळीत टाकू नये, जावईबापू. पोपने केलं ते पुरे." नातीने ताटातली भेंडी बाजूला सारली की बायको डोळे वटारायची, आणि हे म्हणायचे, "वेढा उठव. बोलणी कर." भेंडीची बोलणी रोज व्हायची आणि रोज नातच जिंकायची, तेही जर्मनमध्ये.

त्यांचा खरा जोडीदार मात्र आमच्या खालच्या मजल्यावर सापडला. तिथे एक आजी राहतात. पक्क्या कॅथलिक, एकट्या आणि जुन्या चर्चचं वेड असलेल्या. बाबांचं इंग्रजी वीज खात्यातलं, आजींचं शाळेतलं, आणि दोघांना जोडणारा पूल म्हणजे "गेनाऊ", जर्मनमधलं "अगदी बरोबर". आजी काहीही म्हणाल्या की बाबा "जा, जा, गेनाऊ" म्हणत (इथे 'जा' म्हणजे हो) आणि तासभर पुढे मराठीत बोलत. दर शनिवारी आजी त्यांना आपल्या जुन्या गाडीत घालून कुठल्यातरी मठात नेत. आणि मुक्काम संपण्याआधी ट्रिफेल्सचा किल्ला दाखवायचं त्यांनी कबूल केलं होतं. एके काळी सम्राटांचा मुकुट तिथे ठेवलेला असे. बाबा त्या एका शनिवारासाठी जगत होते. गुडघे बोलायला लागले होते, व्हिसा संपत आला होता. पुन्हा येणं होईल याची खात्री त्यांना नव्हती.

मी का नेलं नाही? कारण मी जर्मन ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झालो होतो. इथे वळण्याआधी मान फिरवून खांद्यावरून मागे बघावं लागतं, त्याला शुल्टरब्लिक म्हणतात. पुण्यात स्कूटर चालवून मोठा झालेला मी. मागचा आपला बघून घेईल, या श्रद्धेवर जगलेला.

आता माझा पराक्रम ऐका. गुड फ्रायडेला सुट्टी होती. सुट्टी आहे, नावात 'गुड' आहे, म्हणजे सण आहे, एवढा हिशोब करून मी बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला आणि आजींचं दार वाजवलं. त्या काळ्या कपड्यांत, नुकत्याच चर्चमधून आलेल्या. मी दात काढून, शुद्ध उच्चारात, "फ्रोहेन कारफ्रायटाग!" म्हणालो, म्हणजे गुड फ्रायडे आनंदात जावो. वर दुपारी आमच्याकडे इथल्या मराठी मंडळाच्या लेझीमचा सराव आहे, जरूर या, असं आमंत्रणही दिलं. ज्या दिवशी त्यांचा देव सुळावर गेला, त्या दिवशी. आजींनी दार लावून घेतलं.

"बी-टूपर्यंत शिकलास ना जर्मन?" बायको म्हणाली. "हे कुठल्या धड्यात होतं?"

लेझीम रद्द झाली. मी माफी मागायला दोनदा खाली गेलो, दार उघडलं नाही. आम्ही घरी नसताना आमची पार्सलं घेऊन ठेवणं आजींनी बंद केलं, आणि शनिवारी त्यांची गाडी बाबांशिवायच निघून गेली. बाबा खिडकीतून ती जाताना बघत राहिले.

रविवारी सकाळी ते कोट चढवून, कानटोपी घालून एकटेच बाहेर पडले. जे पुण्यात चतुर्थीलासुद्धा देवळात जात नाहीत, ते आजींच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसले. लोक उठले की उठायचे, गुडघे टेकले की दुखऱ्या गुडघ्यांनी टेकायचे. दुपारी दोघं बरोबर परत आले.

"तह झाला," बाबांनी जाहीर केलं. "पुढच्या शनिवारी ट्रिफेल्स. तुम्हालाही घेतलंय, मागच्या सीटवर."

"आणि आपण काय दिलं, बाबा?"

"इमारतीचा जिना झाडायची त्यांची पाळी आली, की तो तुम्ही झाडायचा."

"किती दिवस?"

"दहा वर्षं. बादशहाचाही तेवढ्याच मुदतीचा होता."

किल्ल्याची चढण ते आजींचा हात धरून चढले. कोणी कोणाला धरलं होतं ते सांगणं कठीण. वर काचेमागे मुकुट होता. बाबा त्याच्यापुढे इतका वेळ उभे राहिले, की माझ्यातला शहाणा जागा झाला. "बाबा, ही नक्कल आहे. खरा व्हिएन्नात आहे."

"माहितीय हो," ते काचेवरची नजर न काढता म्हणाले. "आपण दर वर्षी नवा गणपती आणतो, तेव्हा खरा कुठे ठेवलाय असं विचारतो का?"

त्यानंतर ते आले नाहीत. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टर लांबचा प्रवास नको म्हणतात. व्हिडिओ कॉलवर आधी विचारतात, "जिना झाडला का?" इकडे माझ्या मागून आजी "वान कोम्ट डेअर कायझर?" असं विचारत असतात, बादशहा कधी येणार म्हणून, आणि बाबा न समजता "जा, जा, गेनाऊ" म्हणतात.

मी तिसऱ्या खेपेला पास झालो. आजींनी आता गाडी चालवणं सोडलंय, म्हणून शनिवारी मी त्यांना त्यांच्याच गाडीतून मठात नेतो. त्यांनी बाबांची विसरलेली कानटोपी मागच्या सीटवर तशीच ठेवली आहे. प्रत्येक वळणाआधी मी मान फिरवून, खांद्यावरून, नियमाप्रमाणे मागे बघतो. परीक्षक बरोबर असते तर त्यांनी मला पुन्हा नापास केलं असतं. जरा जास्तच वेळ बघतो म्हणून.