उरलेली टाइल

आक्काचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाचला कारखान्याचं फाटक, सव्वापाचला पहिली थप्पी. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. भट्टीतून निघालेल्या तळहाताएवढ्या टाइल्सच्या थप्प्या लावून माल ट्रकसाठी तयार ठेवायचा, हे तिचं काम. मी भट्टीवर होतो. मेव्हण्यांची कंबर गेल्यापासून घर तिच्याच मजुरीवर चालायचं.

आमचा सुपरवायझर टाइल्स मोजत नसे, थप्प्या मोजत असे. सगळ्या थप्प्या सारख्या, मागे काही उरलं नाही, म्हणजे माल पूर्ण. भट्टीत दहा हजार लावायचो. तडकलेल्यांच्या जागी शिलकीतल्या घालायच्या, वीस-वीसच्या पाचशे थप्प्या, काम संपलं. त्या दिवशी सत्तावीस तडकल्या आणि शिलकीत एकही नव्हती. उरलेल्या नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर मी स्वतः मोजून दिल्या.

वीसच्या लावल्या तर शेवटची थप्पी तेरावर थांबली.

"सात कुठे गेल्या?" सुपरवायझरने विचारलं.

"साहेब, सत्तावीस तडकल्यात," मी म्हणालो.

"तू भाऊ तिचा. तू दुसरं काय सांगणार? बाई, बाराच्या लाव. संध्याकाळपर्यंत जुळलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस."

आक्काने सगळं उतरवून पुन्हा लावलं. एक उरली.

"म्हणजे अकरा गेल्या! नऊच्या लाव."

पुन्हा उतरवलं, पुन्हा लावलं. पुन्हा एक.

"आठ!"

आक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सकाळी सात चोरल्या, दुपारी अकरा, आता आठ. मधल्या तीन परत आणून ठेवल्या का मी?"

हमाल हसले. तो नाही. "तोंड चालवू नकोस, हात चालव."

नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर या आकड्याला एक आणि तो स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. शाळेत त्याला मूळ संख्या म्हणतात. सातच्या लावा, सतराच्या लावा, काहीतरी उरणारच. हे मला माझ्या मुलीने सांगितलं, तेही फार वर्षांनी. त्या दिवशी एवढंच दिसत होतं की बहीण मरमर राबतेय आणि चोर ठरतेय.

आक्काने ती उरलेली टाइल उचलली आणि त्याच्या बुटांसमोर आपटली. तुकडे तुकडे.

"मोजा आता."

त्याने थप्प्या मोजल्या. नऊच्या अकराशे आठ, मागे काही नाही. "आता बरोबर," म्हणाला आणि सही ठोकली. आठ टाइल्सची चोरी एक फोडल्यावर मिटली! सही करताना त्या माणसाचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

नोकरी राहिली. माल फोडला म्हणून दिवसाची मजुरी कापली. पहाटे चारला उठून, जवळजवळ तीस हजार टाइल्स हातांखालून काढून आक्काने त्या दिवशी एकच वस्तू विकत घेतली. ती फुटलेली टाइल.